नगरसेवकाच्या पत्रकात वॉर्डाची बातमी कुठे असते?

ओसरी:
जानेवारीत आमच्या महापालिकेची निवडणूक झाली. जुन्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, म्हणजे जवळजवळ चार वर्षं ज्याचं दार हक्काने ठोठावावं असं प्रभागात कोणीच नव्हतं. आता चार नगरसेवक आहेत. त्यातल्या एक ताई पहिल्यांदाच निवडून आल्यात, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. एप्रिलपासून त्या दर महिन्याला चार पानी पत्रक काढतात. रविवारी पेपरमध्ये घालून येतं.

तिन्ही अंक मी जपून ठेवलेत. काल रात्री टेबलावर मांडून बसले. पहिल्या अंकात एकोणीस फोटो. नारळ फोडताना, फीत कापताना, वह्या वाटताना, हळदीकुंकवाला. छपाई सुरेख आहे. पण आमच्या कोपऱ्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फेब्रुवारीत खचलं. कोणीतरी त्यात बाभळीची फांदी रोवून तिला लाल ब्लाउजपीस बांधलाय, रात्री गाडीवाल्याला दिसावं म्हणून. त्या चेंबरबद्दल तीन अंकांत एक ओळ नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. ताई काम करतात. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यांना पाणी चढेना, तेव्हा पहाटे साडेपाचला चावीवाल्याला घेऊन त्या स्वतः वॉल्व्हपाशी उभ्या होत्या. दूध आणायला जाताना मी पाहिलंय. तेही पत्रकात नाही!

परवा भेटल्या तेव्हा हे सगळं बोलले. त्या म्हणाल्या, "काकू, मग तुम्हीच लिहून द्या ना काय छापू ते." म्हणून इथे विचारते. तुमच्या वॉर्डात काय असतं? काय असायला हवं? पुढचा अंक जुलैच्या पहिल्या रविवारी आहे.

नळावरची:
पाण्याची वेळ. कोणत्या गल्लीला किती वाजता, किती वेळ, कोणत्या वारी बंद. बाकी चार पानं कोरी सोडली तरी चालतील.

पायवाट:
ओसरीताई, थोडा वेगळा सूर लावतो. फोटोंना एकदम मोडीत काढू नका. आमच्या वस्तीत एका मुलीला दहावीला ८१ टक्के मिळाले. आई चार घरची धुणीभांडी करते. नगरसेवकाने घरी येऊन पेढा दिला, शाल घातली, पत्रकात फोटो आला. तो फोटो त्या घरात देवाशेजारी लावलाय. ज्यांचं नाव आजवर कुठेच छापून आलं नाही, त्यांना ती मोठी गोष्ट असते. लोकप्रतिनिधी म्हणजे नुसता तक्रार नोंदवून घेणारा कारकून नव्हे.

ओसरी:
@पायवाट, पटलं. मुलीचा फोटो हवाच. नारळाचे सहा फोटो नकोत, एवढंच.

बोरूबहाद्दर:
पंधरा वर्षं जिल्हा दैनिकात महापालिका बघितली आहे, म्हणून सांगतो. "रस्त्याच्या कामाचा शुभारंभ" ही अर्धी बातमी आहे. पुरी बातमी अशी: कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती रकमेचं, ठेकेदार कोण, कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी हुकूम, कोणत्या तारखेचा, काम पुरं कधी होणार, आणि तोवर शाळेच्या बसने जायचं कुठून. शुभारंभ होऊन सात महिने झाले आणि खडीचा ढीग तसाच आहे, तर तीही बातमीच.

ताईंना सांगा, प्रत्येक कामापुढे एक तारीख लिहा. तारीख लिहिली की उरलेला मजकूर आपोआप खरा व्हायला लागतो. तारीख चुकली तर पुढच्या अंकात का चुकली ते लिहा. लोक चुकलेली तारीख माफ करतात. गायब झालेली करत नाहीत.

तिरकीट:
आमच्याकडे एका रस्त्याचा शुभारंभ तीनदा झाला. रस्ता अजून सुरूच होतोय, इतका शुभ आहे तो.

मोजमाप:
नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. बोरूबहाद्दर यांच्या यादीत एक भर घालतो, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: दोषदायित्व कालावधी.

रस्ता किंवा गटार झाल्यावर ठराविक काळ त्यात दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. किती काळ, ते निविदेत लिहिलेलं असतं. ही तारीख लोकांना माहीतच नसते. मग होतं असं की डांबर उखडतं, लोक ओरडतात, नगरसेवक धावपळ करून त्याच तुकड्यासाठी नवा निधी आणतो, सत्कार होतो. खरं तर एक पत्र ठेकेदाराला गेलं असतं तर काम फुकटात झालं असतं. ठेकेदाराची सुरक्षा ठेव तेवढ्यासाठीच अडकवून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे चर. नवा रस्ता झाला की पंधरा दिवसांत कोणीतरी केबल किंवा पाइप टाकायला खणतं. खणण्याची परवानगी महापालिकाच देते, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसेही आधी भरून घेते. पण चर बुजवतात कसा? वरून माती लोटतात, पाणी मारत नाहीत, थर देऊन दाबत नाहीत. पहिल्या पावसात ती माती बसते आणि रस्त्यावर आडवी नाली तयार होते. दुचाकीवाला आपटतो तो तिथेच. पत्रकात "या महिन्यात या गल्ल्यांत खोदाईला परवानगी दिली आहे, अमुक तारखेपर्यंत बुजवायचं आहे" असं छापलं, तर गल्लीतला प्रत्येक जण आपोआप देखरेख करील. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेत खोटी नोंद करायला सांगणारे पुष्कळ असतात, पण बघणारे चार डोळे कामावर असले की सांगायची हिंमत कमी होते.

ओसरीताईंच्या चेंबरचं म्हणाल, तर नुसतं झाकण बदलून भागणार नाही. खचलं आहे म्हणजे बहुतेक खालची चौकट किंवा वरचं वीटकाम गेलंय. ताईंना हे विचारायला सांगा. नाहीतर नवं झाकण चार महिन्यांत परत खाली.

चाफा:
माझ्या सासूबाई नव्वदच्या दशकात नगरसेविका होत्या, छोट्या नगरपरिषदेत. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, त्यातून उभ्या राहिलेल्या पहिल्या फळीतल्या. सातवी शिकलेल्या. लोक म्हणायचे कारभार नवरा बघणार. सासरे पोस्टात होते, त्यांना आपलं काम पुरे होतं.

त्यांची एक वही होती, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पानावर उभ्या तीन रेघा. तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना मोठा: काय झालं. तक्रार निळ्या शाईने लिहायची. काम झालं की तक्रार करणाऱ्याने स्वतः येऊन लाल शाईने सही करायची. लिहिता येत नसेल तर अंगठा. लाल सही नाही म्हणजे काम झालेलं नाही, मुख्याधिकारी काहीही म्हणोत.

दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून त्या आठवड्याची पानं मोठ्याने वाचायच्या. न झालेली आधी. "सुताराच्या बोळातला दिवा, तिसरा शनिवार, खांब आहे पण तार नाही, साहेब म्हणतात पुढच्या महिन्यात." सुरुवातीला पाच-सहा बाया यायच्या. नंतर पुरुषही लांब कट्ट्यावर बसून कान देऊ लागले. नगरपरिषदेचा मुकादमसुद्धा यायला लागला, कारण आपलं नाव वाचलं जातंय का ते त्याला कळायला हवं होतं!

पुढच्या निवडणुकीत सोडतीत वॉर्डाचं आरक्षण बदललं, त्यांना उभं राहता आलं नाही. त्यांनी वही नव्या माणसाच्या हातात दिली. मागे जेवढी पानं उरली होती ती त्याने वापरली. आज वही आमच्याकडे आहे, लाल अंगठे अजून फिके पडलेले नाहीत.

ओसरीताई, तुमच्या ताईंना याहून वेगळं पत्रक मला सुचत नाही.

नळावरची:
चाफा, डोळ्यात पाणी आलं. आणि हो, पाण्याची वेळ हवीच.

नानाकाका:
वहीची आठवण सुंदर आहे, पण मला एक गोष्ट खटकते ती बोलतो. आपण सगळे मिळून नगरसेवकाला प्लंबर करून टाकलंय. चेंबर तुंबलं, फोन नगरसेवकाला. दिवा गेला, फोन नगरसेवकाला. घरातली वीज गेली तरी फोन त्यालाच, ती तर महावितरणची. अहो, महापालिकेत प्रशासन चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवकाला अभियंत्याला आदेश द्यायचा अधिकार नाही. त्याचं मूळ काम सभागृहात आहे: अंदाजपत्रक तपासणं, प्रश्न विचारणं, धोरण ठरवणं, स्थायी समितीत निविदा बारकाईने वाचणं.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तिने बारावं परिशिष्ट आणलं, त्यात नागरी संस्थांकडे देता येतील असे १८ विषय आहेत. नगररचना, पाणी, आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, स्मशानभूमी, अगदी जन्ममृत्यूची नोंद आणि जनावरांचा कोंडवाडासुद्धा. यातल्या किती विषयांवर तुमच्या नगरसेविका सभागृहात बोलल्या? कोणत्या ठरावाच्या बाजूने हात वर केला, कोणत्या वेळी विरोध केला? हे पत्रकात छापायला सांगा. चेंबरसाठी क्षेत्रीय कार्यालय आहे.

गच्चीवरून:
@नानाकाका, कागदावर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण क्षेत्रीय कार्यालयाचा माझा अनुभव ऐका. सभागृह नव्हतं आणि प्रशासक कारभार बघत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या इमारतीमागे राडारोडा टाकत होते. ॲपवर तक्रार केली. दोन दिवसांत उत्तर: "तक्रारीचे निवारण झाले." सोबत स्वच्छ जागेचा फोटो. मी गच्चीतून खाली पाहिलं, ढीग जागेवर. फोटो नीट बघितला तर त्यात गुलमोहर बहरलेला. तक्रार केली तेव्हा डिसेंबर होता!

पुन्हा तक्रार, पुन्हा निवारण. पाच वेळा. शेवटी थकलो. निवडून आलेला माणूस असता तर किमान त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. ज्याला पुन्हा मत मागायचंय त्याला ढीग दाखवता येतो, ॲपला नाही दाखवता येत.

नानाकाका:
@गच्चीवरून, तुमचा गुलमोहर माझ्या मुद्द्याच्या बाजूनेच बोलतोय. ॲपवर खोटं निवारण दाखवणाऱ्या पद्धतीबद्दल सभागृहात प्रश्न विचारला गेला, तर तुमच्या एकट्याचा नव्हे, सगळ्या शहराचा ढीग हलेल. तक्रार करणाऱ्याच्या संमतीशिवाय तक्रार बंद करता येणार नाही, असा एक ठराव हवा. चाफाच्या सासूबाईंची लाल सही म्हणजे दुसरं काय?

चाफा:
नानाकाका, हे त्यांना ऐकायला मिळालं असतं तर फार आनंद झाला असता.

सांजवात:
आमच्याही प्रभागात चौघे आहेत आणि तिथेच सगळं अडतं. पहिल्याकडे गेलं की म्हणतो तो भाग दुसऱ्याकडे. दुसऱ्या बाई म्हणतात आम्ही आपापसांत वाटून घेतलंय, तुमची गल्ली तिसऱ्याकडे. तिसऱ्याचा पक्ष वेगळा, म्हणून तो पहिल्याशी बोलत नाही. मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक, २२७ वॉर्ड, २२७ माणसं. आपण मत चौघांना दिलं तर चौघेही संपूर्ण प्रभागाला बांधील आहेत. वाटून घेतलंच असेल तर ती वाटणी पत्रकाच्या पहिल्या पानावर नकाशासकट छापा.

मोजमाप:
नकाशा हवाच. आणि त्या नकाशाखाली खात्यांची माणसं: आरोग्य निरीक्षक, पाणीपुरवठ्याचे अभियंते, ड्रेनेजचे, विद्युतचे. कार्यालयाचा दूरध्वनी आणि भेटीची वेळ. अर्धी कामं तेवढ्यावर होतील.

कृष्णामाई:
शहरातल्या लोकांची मला नेहमी काळजी वाटते, कारण तुम्हाला ग्रामसभा नाही. आमच्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी तर हमखास. सरपंचाला मांडवात उभं राहून जमाखर्च सांगावा लागतो. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा. त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. आमच्या महिला सभेत शाळेच्या मुतारीचा विषय तीनदा निघाला, तिसऱ्यांदा पैसे मंजूर झाले.

सगळं गोड आहे असं नाही. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा माणसांत विषय मंजूर होतात. तरी हिवरे बाजारसारख्या गावांनी पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवलंच ना. तोंडावर विचारायची जागा असली की पत्रकाची फार गरज पडत नाही.

नानाकाका:
कृष्णामाई, शहरालाही जागा आहे, वापरात नाही एवढंच. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असायलाच हव्यात असं घटनेतच आहे. आणि २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ग्रामसभेसारखीच, मतदारांची. माझ्या शहरात मी आजवर एकही भरलेली पाहिली नाही. ओसरीताईंच्या नगरसेविकांनी एक भरवली तर मी प्रवास करून बघायला येईन.

पायवाट:
पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवतात, अंदाजपत्रकासाठी. फॉर्म भरून द्यायचा: इथे पदपथ, तिथे बाक, अमुक चौकात दिवे. मी बसथांब्याच्या शेडसाठी भरला होता. पण फॉर्म कधी निघतात, कधी बंद होतात हे कळेकळेपर्यंत मुदत संपते. नगरसेवकांची सुचवलेली कामं वेगळी, त्याला तिथे 'स' यादी म्हणतात. दोन्ही याद्या आणि मुदतीची तारीख पत्रकात आल्या तर? ही खरी बातमी.

तिरकीट:
विषयाला धरून: पत्रक निदान हातात धरून वाचता येतं. फ्लेक्स आकाशात असतो. आमच्या चौकात बसथांब्याच्या पाटीवरच फ्लेक्स लावला होता. पाहुण्यांना विचारलं कुठे उतरलात, तर म्हणाले, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" या स्टॉपवर.

सांजवात:
हसले, पण ते धोक्याचं आहे. विनापरवाना फलक लावून मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे, उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा बजावलंय. आमच्या वळणावर फलकामुळे समोरून येणारी रिक्षा दिसत नव्हती. वडील तिथेच पडले, खुब्याचं हाड मोडलं. फलकावर हात जोडून उभे होते ते नंतर भेटायला आले, फळं घेऊन आले, मनापासून वाईट वाटलं त्यांना. तेव्हापासून त्यांनी स्वतःचा एकही फलक लावू दिलेला नाही. हे मी मुद्दाम सांगते. माणसं बदलतात, त्यांना दाखवावं लागतं.

गच्चीवरून:
पत्रकात फेरीवाल्यांचा प्रश्न घ्या म्हणावं. आमचा पदपथ संपूर्ण गेलाय. आजी-आजोबा रस्त्यावरून चालतात.

आठवडीबाजार:
माझी आई भाजी विकते, पदपथावरच. त्यामुळे लिहितोच. २०१४ साली केंद्राचा पथविक्रेता कायदा आला. सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, विक्रीची जागा ठरवून द्यायची, समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत. आईचं सर्वेक्षण झालं, पावती आहे, जागा अजून मिळालेली नाही. आठवड्यातून एकदा गाडी येते, वजनकाटा उचलून नेते, सोडवायला दंड आणि एक दिवसाचा धंदा जातो. "अतिक्रमण हटवले" असा फोटो पत्रकात छापून येतो, त्यात मागे माझी आई पाठमोरी आहे. तिने तो पाहिला. काही बोलली नाही, पाटी उचलून गेली.

जागा द्या, आम्ही पदपथ सोडतो.

गच्चीवरून:
@आठवडीबाजार, तुमचं वाचून थांबलो. आजी-आजोबांना चालायला जागा हवी या मतावर मी आहेच. पण हटवल्याच्या फोटोऐवजी जागा कुठे आणि कधी मिळणार ही बातमी हवी, हे तुमचं म्हणणं मान्य. आईंना नमस्कार सांगा.

सावली:
एक इशारा. तक्रारींची यादी छापाल तर नावं छापू नका. मी भाड्याने राहते. शेजारच्या इमारतीचं सांडपाणी उघड्यावर सोडत होते, माजी नगरसेवकाला कळवलं. त्यांनी चांगल्या हेतूने ग्रुपवर माझ्या नावासकट टाकलं, "जागरूक नागरिक" म्हणून अभिनंदन केलं. ती इमारत माझ्या घरमालकाच्या चुलत भावाची निघाली. महिन्याभरात घर सोडावं लागलं, मुलाची शाळा मध्येच बदलली.

बोरूबहाद्दर:
सावलीताईंचं सोन्यासारखं आहे. क्रमांक द्या, गल्ली द्या, विषय द्या. नाव कार्यालयातल्या वहीत राहू दे.

चाफा:
सासूबाई पारावर वाचताना नाव कधी घेत नसत, आत्ता लक्षात आलं. "सुताराच्या बोळातला दिवा" एवढंच म्हणायच्या.

मोजमाप:
चेंबरबद्दल पुन्हा. पाऊस तोंडावर आहे, वेळ घालवू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल दिलाय: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई. तो संदर्भ पत्रात लिहा, तारीख घालून आवक क्रमांक घ्या. खात्यातल्या माणसाला लेखी पत्राची जी धास्ती असते ती फोनची नसते. तरीही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ३० दिवस म्हणजे पावसाळ्याचा एक महिना, म्हणून आधी पत्र.

ओसरी:
सगळ्यांचे उतारे कागदावर लिहून काढले आणि काल ताईंकडे गेले. चाफाची पोस्ट मोबाइलवर वाचायला दिली. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि मुलाची कोरी वही घेऊन आल्या, म्हणाल्या, रेघा कशा मारायच्या ते सांगा. आम्ही दोघींनी फूटपट्टी घेऊन वीस पानं आखली.

एक अडचण त्यांनी सांगितली, तीही मांडते. न झालेली कामं छापली तर पक्षातले वरचे लोक विचारतील, विरोधकांना आयतं कोलीत का देतेस. इतर तिघांना वाटेल ही आपल्याला उघडं पाडतेय. त्यांचा चेहरा खरोखर ओढलेला होता. मला चटकन उत्तर देता आलं नाही.

पायवाट:
तिघांचीही नावं घाला, चौघांचं मिळून एकच पत्रक करा. झालेल्या कामाचं श्रेय वाटून द्या. न झालेलं मग कोणा एकाच्या डोक्यावर बसणार नाही.

कृष्णामाई:
न झालेल्या कामापुढे कारण लिहा आणि ते कोणाच्या टेबलावर अडकलंय ते लिहा. दोन वर्षं सरपंच होते म्हणून सांगते, लोकांना आपली अडचण मोकळेपणी सांगितली की लोक आपल्या बाजूला येऊन उभे राहतात. दडवलं की समोर उभे राहतात.

नानाकाका:
आणि सभागृहातल्या एका प्रश्नाला तरी चार ओळी. माझा हट्ट मी सोडणार नाही.

ओसरी:
पाच आठवड्यांनी परत येतेय. जुलैचा अंक आला.

पहिल्या पानावर गल्ल्यांचा नकाशा आणि खात्यांचे दूरध्वनी. चौघांचं मिळून पत्रक झालं नाही, पण दोघांचं झालं, दुसऱ्या पक्षाचे एक जण तयार झाले. दुसऱ्या पानावर दहावी-बारावीच्या मुलांचे फोटो, पायवाट यांच्यासाठी मी मुद्दाम मोजले, चौदा आहेत. नानाकाका, तिसऱ्या पानावर तुमच्या चार ओळी: ॲपवर परस्पर बंद केलेल्या तक्रारींबद्दल ताईंनी लेखी प्रश्न दिलाय, उत्तर आलं की छापणार. पथविक्रेत्यांच्या जागेबद्दलही विचारलंय. आणि चौथं पान म्हणजे वही. २३ तक्रारी, नावं नाहीत. ९ झाल्या, १४ राहिल्या, प्रत्येकीपुढे कारण.

क्रमांक ७ आमचं चेंबर. "झाकण आले आहे. खालचे वीटकाम खचले असल्याने चौकट नव्याने बसवावी लागेल. १२ जुलैपर्यंत." मोजमाप, तुमचं निदान तंतोतंत होतं.

१२ ला झालं नाही, जोराचा पाऊस होता. १४ ला झालं. मी छत्री घेऊन उभी होते. मुकादमाने आधी फांदी उपटली, तिला खाली बारीक मुळं फुटली होती. ब्लाउजपीस सोडून त्याने घडी घातली आणि विचारलं, "हा कोणाचा?" कोणालाच माहीत नव्हतं. मी लाल पेनाने वहीत सही करून आले.

चाफा:
त्या सहीचा फोटो असेल तर पाठवा. वहीशेजारी ठेवते.

मोजमाप:
चौकटीभोवतीचं काँक्रीट सात दिवस तरी ओलं राहू द्या. पाऊस आहे, काम सोपं झालं. वरून टेम्पो जाऊ देऊ नका.

आठवडीबाजार:
ओसरीताई, जागेच्या प्रश्नाचं उत्तर आलं की इथेही टाकाल का? आईला वाचून दाखवायचंय.

ओसरी:
नक्की. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी.

नळावरची:
आणि पाण्याची वेळ?

ओसरी:
क्रमांक ११. राहिलेल्यात आहे. वेळापत्रक ठरवायला खालच्या टाकीचा वॉल्व्ह आधी बदलायला हवा म्हणतात, निविदा निघाली आहे. शनिवारी वही वाचणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारते.